माय भेटली नाही

दवाखान्यात शांतता असते असं ज्यांना वाटतं, त्यांनी आमच्या भंडारा जिल्ह्यातला त्या काळचा दवाखाना पाहिलेला नाही. सत्तरचं दशक संपत आलं होतं. लाखनीच्या अलीकडे महामार्गाला लागून आमचा दवाखाना होता, आणि तिथे एक पेशंट भरती झाला की त्याच्यासोबत अख्खं घर भरती व्हायचं. बैलगाडीतून आधी पेशंट उतरायचा, मग सतरंजी, मग तांदळाची पिशवी, स्टोव्ह, कंदील आणि दोन-तीन म्हाताऱ्या. एकदा तर एक दुभती शेळी उतरली होती, कारण पेशंटला तिच्याच दुधाची सवय होती. व्हरांड्यात भात शिजायचा. खिडकीच्या गजांवर लुगडी वाळायची. वॉर्डात कुणी विव्हळत असायचं, कुणी भांडत असायचं आणि कुणी भावकीच्या लग्नाची बोलणी उरकून घेत असायचं.

मी चिडायचे. स्वभावच चिडका, त्यात वय कोवळं, आणि नागपूरच्या ट्रेनिंगमधून डोक्यात हवा भरून आलेली. कडक खळीची पांढरी साडी, डोक्यावर टोपी, कमरेला पट्टा. ट्रेनिंगमध्ये आमच्या ट्यूटरबाई सांगायच्या की औषध देतो डॉक्टर, पण पेशंटला बरं होण्यासारखी जागा तयार करते नर्स. उजेड, हवा, स्वच्छता आणि शांतता. नर्सच्या चपलेचा आवाज पेशंटला ऐकू आला तर ती नर्स नव्हे, असं त्यांचं ठाम मत होतं. आम्ही मुली होस्टेलच्या पॅसेजमध्ये रांगेनं चालून दाखवायचो आणि बाई डोळे मिटून ऐकायच्या. मला त्यात नेहमी पैकीच्या पैकी मिळायचे, आणि त्याचा मला फार गर्व होता.

आणि मग ही पोस्टिंग. कागदावर आम्ही चौघी नर्सेस होतो. एक बदली होऊन आलीच नाही, कारण तिनं नकाशात गाव शोधलं आणि सापडल्याबरोबर ओळखी काढायला लागली. दुसरी बदलून गेली ती गेलीच, तिच्या जागी कुणी आलं नाही. तिसरी बाळंतपणाच्या रजेवर होती. उरले मी आणि एक आया. दिवसाची ड्युटी कधी संपते आणि रात्रीची कधी सुरू होते, हे मला कळत नसे. क्वार्टर दवाखान्याच्या मागेच होतं, त्यामुळे मी घरी असले तरी ड्युटीवरच असायचे. हाक यायची, "नर्सीनबाईऽ", आणि मी तोंडातला घास तसाच ठेवून निघायचे. आता रिटायर झाल्यावर पेपरात वाचते की नर्सेसच्या जागा रिकाम्या आहेत, आणि मला हसू येतं. त्या कधी भरलेल्या होत्या?

पण खरं सांगू का, ते दिवस मला फार आवडायचे. तेव्हा नाही, आता. उकळत्या पाण्यातल्या काचेच्या सिरिंजचा खुळखुळाट, स्पिरिटचा वास, व्हरांड्यातल्या नव्या तांदळाच्या भाताचा वास आणि त्यात मिसळलेला ट्रकच्या डिझेलचा वास. कधी मधूनच तो सगळा गोळा नाकाशी येतो आणि मी बसल्या जागी हरवते.

असो. गोष्ट सांगायची आहे ती एका पोरीची.

दिवाळी झाली होती. धानाची कापणी जोरात होती. गावोगावी मंडई भरायला लागली होती. मंडई म्हणजे आमच्याकडची दिवाळीनंतरची जत्रा. पाहुणेरावळे, लाऊडस्पीकर, दंडारीचा नाच, नाटकं. अशा वेळी एक तरुण शेतकरी आपल्या बायकोला गाडीत घालून घेऊन आला. कापलेल्या धानाचा खुंट तिच्या तळपायात घुसला होता. घरच्यांनी त्यावर हळद आणि शेण थापलं. जखम वरून भरत आली तशी तिची दातखिळी बसली. घरच्यांना वाटलं बाहेरचं काही लागलं. दोन ठिकाणी उतारा झाला, मग आमच्याकडे आणली. गाडीचं चाक फाटकाच्या उंबरठ्यावर आदळलं आणि पोरगी धनुष्यासारखी वाकली. डॉक्टरांना तपासावंही लागलं नाही. धनुर्वात.

डॉक्टर कोल्हापूरकडचे होते, माझ्याहून थोडेच मोठे. चांगला माणूस. फक्त आमची बोली त्यांच्या कानात शिरायची नाही. पेशंट काही बोलला की ते माझ्याकडे बघायचे आणि मी मराठीचं मराठीत भाषांतर करायचे. त्यांनी सीरम दिलं, पेनिसिलीन दिलं, झोपेचं इंजेक्शन दिलं, जखम साफ केली. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, "सिस्टर, माझं काम एवढंच होतं. आता तुमचं. नागपूरला पाठवली तर रस्त्यातच जाईल."

धनुर्वाताच्या पेशंटला उजेड सोसत नाही, धक्का सोसत नाही, आवाज तर मुळीच सोसत नाही. चमचा पडला तरी झटका येतो, आणि एखाद्या झटक्यात श्वास अडकला की खेळ खल्लास. आणि सगळ्यात वाईट गोष्ट अशी की पेशंट शुद्धीत असतो. त्याला सगळं ऐकू येतं, सगळं कळतं. तोंड तेवढं उघडत नाही. ट्यूटरबाईंनी शिकवलेली शांतता आजवर मी मिरवण्यापुरतीच वापरली होती. आता तिच्यावर एका पोरीचा जीव टांगलेला होता, आणि माझ्या खिडकीबाहेरून कलकत्त्यापासून मुंबईपर्यंतचे ट्रक भोंगे वाजवत जात होते.

व्हरांड्याच्या टोकाला एक सामानाची खोली होती. ती रिकामी करून तिथे तिची खाट टाकली. खिडकीवर घोंगड्या ठोकल्या. दाराच्या बिजागऱ्यांत एरंडेल ओतलं. बेडपॅनला बाहेरून कापड गुंडाळलं. आयाला सांगितलं, पायातली जोडवी काढून ठेव. ती म्हणाली, "नवरा जित्ता असताना कायले काढू?" मी म्हटलं, मग चिंधी बांध. तिनं चिंधी बांधली आणि गावभर माझी तक्रार केली.

राहिला रस्ता. फाटकासमोर एक हॉटेल होतं. हॉटेल म्हणजे चहा, आलूबोंडे आणि बाकडी. मालक दांडगा माणूस, आणि आवाज असा की तो ऑर्डर द्यायचा ती पुढच्या गावात ऐकू जावी. ट्रकवाले सगळे त्याच्याकडे थांबायचे. मी गेले आणि त्याला सगळं सांगितलं. त्यानं ऐकून घेतलं आणि रेडिओ बंद केला. मग जन्मात पहिल्यांदा हळू आवाजात म्हणाला, "बाई, टरकवाल्यायचं मी पाहतो. पन तुमच्याजवळ लाल कपडा आहे का?"

लाल कपडा नव्हता. पेशंटच्या अंगाखाली घालायची लाल रबरी शीट होती. त्यानं ती बांबूला बांधून रस्त्याच्या कडेला रोवली. ट्रकवाल्यांना वाटायचं पुढे पूल खचला आहे. ते गाडी हळू करायचे, थांबायचे, खाली उतरायचे. मग हा त्यांना सांगायचा, "भाई, अंदर बेटी बीमार है, भोंगा मत बजाव." उतरलेले ट्रकवाले मग चहा प्यायचे. त्याचा धंदा त्या दिवसांत कसा चालला हे मी त्याला कधी विचारलं नाही, पण लाल शीट परत मागायला गेले तेव्हा तो फारच नाराज झाला.

मंडईतले दंडारवाले एकदा दवाखान्यावरून जाणार होते. त्यांनासुद्धा त्यानं थांबवलं. सगळे डफ काखेत मारून, घुंगरं हातात धरून चोरपावलांनी गेले. थोडं पुढे गेल्यावर मात्र कसर भरून काढावी तसे एकदम असे वाजवू लागले की मी दातओठ खात दार धरून उभी राहिले. पोरीला झटका आला, पण छोटा.

हे सगळं बऱ्यापैकी जमत आलं आणि मग तिची माय आली.

इथे आमच्या भागातली एक रीत सांगावी लागेल. आमच्याकडे 'भेटणे' म्हणजे नुसतं समोर येणं नव्हे. माहेरचं माणूस खूप दिवसांनी आलं, किंवा दुःखाच्या वेळी आलं, की बायका एकमेकींच्या गळ्यात पडतात आणि मोठ्यानं रडतात. नुसतं रडणं नाही, सुरात, हेल काढून, शब्द गुंफून. काय काय झालं, कुणी काय केलं, तू किती वाळलीस, मी किती वाट पाहिली, सगळं त्या रडण्यात येतं. मग डोळे पुसायचे, पाणी प्यायचं आणि नेहमीसारखं बोलायला लागायचं. याला भेटणं म्हणतात. माझी स्वतःची आई, मी ट्रेनिंगहून पहिल्यांदा सुटीवर आले तेव्हा, आमच्या बपेऱ्याहून तुमसरच्या बसस्टँडवर मला घ्यायला आली होती. तिथे ती मला अशी भेटली की कंडक्टर घंटी वाजवायचं विसरला. मी लाजेनं मेले होते. पण ती नसती भेटली तर मी मनात काय समजले असते, हा विचार मला तेव्हा शिवला नाही.

तर ही माय. आंधळगावकडची. कापणीला परत गेलेल्या जावयानं तिला निरोप धाडला होता. बसमधून उतरली, डोक्यावर पदर, पदरावर बोचकं, आणि पावलं भराभर. मी लांबूनच ओळखलं. तिनं तोंड उघडायला श्वास घेतला आणि मी धावत जाऊन फाटकातच तिच्या तोंडावर हात ठेवला. अक्षरशः ठेवला.

"मावशी, आवाज काढू नोका. आवाज झाला तं पोरीले झटका येते. एखाद्या झटक्यात जीव जाईल."

ती माझ्याकडे बघत राहिली. माझा हात बाजूला झाल्यावर म्हणाली, "मंग भेटू बी नोको का?"

"भेटा, पन मुक्यानं."

"मुक्यानं कसं भेटतेत, बाई?"

 मी दरडावून म्हटलं, "लेक पायजे का रडनं पायजे?"  तिनं बोचकं खाली ठेवलं आणि पदराचा बोळा तोंडात कोंबला.

मी तिच्या दोन्ही हातांतल्या काचेच्या बांगड्यांवर पट्टी गुंडाळली, वाजू नयेत म्हणून. चपला बाहेर काढायला लावल्या. मग तिला अंधारात आत नेलं आणि उशाशी बसवलं. लेकीनं डोळे फिरवून मायकडे पाहिलं. मायनं लेकीकडे पाहिलं. कुणीच काही बोललं नाही. मला हायसं वाटलं.

त्या दिवसांत मी त्या मायला अर्धी नर्स केलं. दुसरं करणार काय? माझ्याकडे वॉर्ड होता, बाळंतिणी होत्या, ओपीडी होती. झटका आला की कसं कुशीवर वळवायचं, तोंडातली लाळ कशी पुसायची, अंगाला घाम फुटला तर काय बघायचं, मला कसं बोलवायचं, म्हणजे हाक न मारता आयाला कसं पाठवायचं, हे सगळं तिला शिकवलं. बाई अडाणी होती, पण हाताला वळण होतं. चार दिवसांत अशी तयार झाली की मला वाटलं, बदली करून हिलाच मागून घ्यावं. दाराशी उभी राहून मी बघायचे, ती कापडाची घडी करून पोरीच्या मानेखाली सरकवते आहे, न आवाज, न धक्का, चेहऱ्यावर काही नाही. माझ्या ट्यूटरबाईंनी तिला पैकीच्या पैकी दिले असते. मी तिच्या कौतुकानं फुलून जायचे. डॉक्टरांनाही सांगायचे, बघा, मी कशी तयार केली.

हळूहळू झटके लांबले. मग कमी झाले. दातखिळी थोडी सुटली. दोन बोटं जातील एवढं तोंड उघडायला लागलं. इतके दिवस जिच्यातून पोटात दूध-पाणी जात होतं ती नाकातली नळी डॉक्टरांनी काढायला सांगितली. आता तोंडानं पेज द्यायची, पातळ, मीठ घातलेली, आमच्या नव्या तांदळाची. पेज दिली की ताकद येणार, ताकद आली की पोरगी उठणार. मी खुशीत होते.

पोरीनं पेज घेतली नाही.

पहिल्यांदा वाटलं, गिळता येत नसेल. पण पाण्यानं ओठ ओले केले तर ती गिळायची. पेज दिली की ओघळ बाहेर. मायनं दिली तर डोळे मिटून तोंड भिंतीकडे. सकाळ, दुपार, पुन्हा सकाळ. सलाइनवर माणूस किती दिवस राहणार? आधीच त्या पोरीची हाडं दिसत होती. डॉक्टरांनी तिच्या घशात टॉर्च टाकून पाहिलं, छाती ऐकली, डोकं खाजवलं. मग म्हणाले, "परत नळी घातली तर त्या धक्क्यानं झटके सुरू होतील. न घातली तर अशीच जाईल. आजच जीप मागवतो. नागपूरला न्यायचं."

नागपूरचा रस्ता म्हणजे तेव्हाचा रस्ता. मी जीपमध्ये तिच्या शेजारी बसून जाणार आणि प्रत्येक खड्ड्याला तिचा श्वास मोजणार, हे मला डोळ्यांसमोर दिसायला लागलं. इतके दिवस सांभाळून जीव वाचवला आणि आता तो जीवच हट्टाला पेटला. मला तिचा राग आला. हो, पेशंटचा राग येतो, पुस्तकात लिहिलेलं नसलं तरी.

मी आत गेले. मायला म्हटलं, जरा बाहेर हवा खाऊन या. ती गेल्यावर पोरीजवळ वाकून विचारलं, "काहून खाऊन नाई राहिली तू? घसा दुखते का?"

तिनं मान हलवली. नाही.

"मंग कायले हट्ट करतं? तुही माय इतके दिस उशाशी बसून आहे. तिच्याकडं तं पाह्य."

तिच्या डोळ्यांच्या कडा भरल्या. दात अजून पुरते उघडत नव्हते, त्यामुळे शब्द ओठांतून घासत बाहेर आले.

"माही माय मले भेटली नाई."

मला कळलंच नाही. म्हटलं, झोपेच्या औषधानं भ्रम झाला असेल. "अवं, थेच तं बसली होती. इथंच. तुह्या उशाशी."

"बसली होती," पोरगी म्हणाली. "भेटली नाई." आणि थोडा दम घेऊन म्हणाली, "माय नाई आली. नर्सीन आली."

 इतके दिवस ती पोरगी अंधारात, लाकडासारखी ताठ, सगळं ऐकत, सगळं बघत पडली होती. मरणाच्या दारात पडलेल्या लेकीपाशी माय आली आणि रडली नाही. गळ्यात पडली नाही. एक शब्द बोलली नाही. तोंड पुसलं, कूस बदलली, बस. आमच्याकडे परक्या बाईनंसुद्धा एवढ्या दुःखात दोन हुंदके दिले असते. पोरीनं काय समजावं? आपण नकोशा झालो, एवढंच. आणि नकोशी झालेली लेक कुणासाठी पेज पिणार?

माझं चुकलं असं मला तेव्हाही वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. त्या पहिल्या दिवशी माय भेटली असती तर पोरगी तिथेच गेली असती. शांतता हवीच होती. पण ट्रेनिंगमध्ये आम्हाला माणसाच्या गरजा पाठ करून घेतल्या होत्या, श्वास, अन्न, झोप, स्वच्छता, अशा एकामागे एक. त्यांत मायनं गळ्यात पडून रडणं नव्हतं. ज्यांनी ते पुस्तक लिहिलं, त्यांच्या देशात बहुधा बायका अशा भेटत नसाव्यात.

मी डॉक्टरांना जाऊन सांगितलं. म्हटलं, "आई भेटली नाही म्हणून ती खात नाहीये."

ते म्हणाले, "अहो, आई तर शेजारीच आहे ना!"

"शेजारी आहे, साहेब. भेटली नाही."

ते माझ्याकडे बघतच राहिले. "सिस्टर, तुमच्याकडचा एक शब्द मला धड कळत असेल तर शपथ." मग मी समजावलं.  ते म्हणाले, "झटके अजून पूर्ण थांबलेले नाहीत. मोठ्यानं रडली तर? मी परवानगी देऊ शकत नाही." मी म्हटलं, परवानगी देऊ नका, फक्त जीप येईपर्यंत थांबा.  जीप त्यांनी मागवलेलीच होती.

माय व्हरांड्याच्या पायरीवर बसली होती. मी तिच्या शेजारी बसले आणि पोरगी काय म्हणाली ते शब्दन् शब्द सांगितलं.

तिचं तोंड पांढरं पडलं. मला वाटलं आता माझ्या अंगावर धावून येईल. आली असती तरी मी काही म्हटलं नसतं. पण ती हळूच म्हणाली, "मी तं तुमच्या शब्दात राहिली, बाई."

"हो मावशी."

"माह्या छातीत दगडावानी बसलं आहे सारं. मी मुकी राहिली, का लेक जगंल म्हणून."

"आता भेटा," मी म्हटलं. "पन हळू. तिच्या कानात. बाहेर आवाज गेला नाई पायजे."

ती विचार करत बसली. असं कुणी कधी भेटलं नव्हतं. हेल काढायचा पण कानापुरता, शब्द सगळे म्हणायचे पण कुजबुजून, हे तिला कुणी शिकवलेलं नव्हतं, आणि मी तरी काय शिकवणार? मग ती उठली, डोळ्यांना पाणी लावलं, पदर नीट केला आणि आत निघाली. पाहुणीसारखी निघाली, जणू आत्ताच आंधळगावची बस फाटकाशी थांबली होती.

मी इंजेक्शन भरून ट्रेमध्ये ठेवलं आणि पोरीच्या मनगटावर बोटं ठेवून उभी राहिले. माय खाटेवर वाकली. दोन्ही हात पोरीच्या मानेखाली घातले, मी शिकवलेल्या पद्धतीनं नाही, आपल्या पद्धतीनं, आणि आपला गाल तिच्या गालाला लावला. मग सुरू झाली.

"ये माह्या बाई वं... कशी वं तू लाकडावानी पडली माय... माही सोन्याची लेक वं... मी आली, उशाशी बसली, अन् तुले पोटाशी नाई घेतलं वं माय... या पांढऱ्या साडीवालीनं माह्या तोंडाले कुलूप लावलं वं... माह्या बांगड्यायले चिंध्या बांधल्या वं... मले म्हने, लेक पायजे का रडनं पायजे... माही लेक पायजे वं मले, माही लेक पायजे..."

सगळं कुजबुजून. सूर तोच, हेल तोच, पण दोन हातांपलीकडे ऐकू येणार नाही एवढ्या आवाजात. आणि मी, पांढऱ्या साडीवाली, नाडी धरून माझीच गाऱ्हाणी ऐकत होते. अशा रडण्यात कुणाचा उद्धार झाला तर मधे बोलायचं नसतं, ही पण रीतच आहे. मी बोलले नाही. 

पोरीच्या मानेचे स्नायू ताठ झाले. माझ्या बोटांखाली नाडी धावायला लागली. मी दुसरा हात सिरिंजवर ठेवला. माय थांबली नाही. पोरीच्या डोळ्यांतून पाणी कानात ओघळत होतं. मग मान हळूहळू सैल झाली. झटका आला नाही. पोरगी रडत होती, इतक्या दिवसांत पहिल्यांदा आवाज करून, आणि तिचा हात मायच्या पाठीवर चढला होता.

माय थोडी दमली, थांबली. पदरानं नाक पुसलं. पोरगी त्या घासणाऱ्या आवाजात म्हणाली, "आनखी रड नं वं, माय."

मायनं माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली आणि पेजेची वाटी तिच्या हातात दिली.

ती एक ओळ रडायची आणि एक चमचा द्यायची. सासरच्यांनी काय केलं, कुणी उतारा केला, कुणी बस चुकवली, सगळं त्या रडण्यात येत होतं, आणि पोरगी ऐकत होती आणि गिळत होती. तिच्या सासर-माहेरच्या नातेवाइकांचा त्या दुपारी जेवढा उद्धार झाला, तेवढा पुढे कधी झाला नसेल. वाटी अर्धी झाली.

बाहेर जीप आल्याचा आवाज झाला. डॉक्टर लगबगीनं आले आणि दारातच थबकले. अंधारात त्यांना धड दिसेना. त्यांनी माझ्या कानाशी विचारलं, "काय चाललंय?"

"भेटताहेत," मी म्हटलं.

 त्यांनी पायातले बूट काढून हातात घेतले आणि जीपवाल्याला परत पाठवायला अनवाणीच गेले.